जूनमधला नाताळ : रोव्हानिएमीचे सांताक्लॉज व्हिलेज एका निवृत्त टपालवाल्याच्या नजरेतून

फिनलंडच्या उत्तर भागातील रोव्हानिएमी शहराजवळचे सांताक्लॉज व्हिलेज आम्ही ऐन जून महिन्यात पाहून आलो, असे सांगितल्यावर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न आला तो असा, की नाताळाच्या गावाला मृगाच्या पावसात जाण्यात काय हशील? प्रश्न रास्त आहे. चैत्र यात्रा सोडून एरवी कधी ज्योतिबाच्या डोंगरावर गेलेल्या माणसाला सासनकाठ्या दिसत नाहीत, गुलालाने माखलेली गर्दी दिसत नाही आणि ‘चांगभलं’चा तो गजरही कानी पडत नाही, परंतु देऊळ मात्र त्याला नीट पाहता येते, दगडातले काम निरखता येते आणि गुरवाशी दोन शब्द बोलताही येतात. सांताक्लॉज व्हिलेजच्या बाबतीत माझा अनुभव नेमका असाच आहे. सण पाहायला जाणाऱ्याने जूनमध्ये तिथे पाऊल टाकू नये. सणामागचे काम कसे चालते हे पाहण्याची ज्याला हौस आहे, त्याने मात्र जूनमध्येच जावे.

मी टपाल खात्यात अडतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो, हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढचे सगळे मत त्याच चष्म्यातून आलेले आहे. मुलगा नोकरीनिमित्त हेलसिंकीलगतच्या एस्पो शहरात राहतो आणि आठ वर्षांची नात तिथल्या शाळेत जाते. तिकडच्या शाळांना जूनच्या सुरुवातीला उन्हाळी सुट्टी लागते, त्यामुळे प्रवासाची वेळ तिच्या सुट्टीने ठरवली. डिसेंबरचा विचार आम्ही केला नव्हता असे नाही. परंतु त्या महिन्यात तिथे सूर्य दिवसातून जेमतेम दोन-अडीच तास क्षितिजावर रेंगाळतो, पारा शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे उतरू शकतो, राहण्याचे दर पाहून छाती दडपते, आणि माझे गुडघे पन्हाळ्याच्या थंडीलाही कुरकुरतात. जूनमध्ये तोच मुक्काम आम्हांला परवडण्याजोगा मिळाला आणि अंगात एक साधा स्वेटर पुरला.

हेलसिंकीहून रोव्हानिएमीला रात्रीची शयनयान रेल्वे जाते आणि तिला साधारण बारा तास लागतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाण्याची सवय असलेल्या कोल्हापूरकराला हा प्रवास वेळेच्या दृष्टीने ओळखीचाच वाटेल. फरक इतकाच, की रात्री दोन वाजता पडदा बाजूला केला तरी बाहेर संधिप्रकाशात बर्च आणि पाइनची झाडे स्पष्ट दिसत असतात. रेल्वे स्थानकावरून आठ क्रमांकाची बस थेट व्हिलेजला नेऊन सोडते. शहरापासून अंतर सुमारे आठ किलोमीटर आहे आणि विमानतळ तर त्याहूनही जवळ आहे.

ज्या शहराच्या आधाराने हे सगळे उभे आहे, ते शहर १९४४ च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जवळजवळ संपूर्ण जाळून टाकले होते. युद्धानंतर विख्यात फिनिश वास्तुरचनाकार अल्वार आल्टो याने त्याचा नवा आराखडा आखला आणि त्यातल्या रस्त्यांची मांडणी रेनडिअरच्या शिंगांच्या आकाराची केली. ही पुनर्बांधणी पाहण्यासाठी जून १९५० मध्ये अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिथे आल्या, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी ध्रुववृत्तावर, म्हणजे ज्याच्या पलीकडे उन्हाळ्यात काही दिवस सूर्य मावळत नाही त्या काल्पनिक वर्तुळावर, लाकडी ओंडक्यांची एक छोटी झोपडी घाईघाईने उभारण्यात आली, आणि ध्रुववृत्ताचा शिक्का मारलेले पहिले पत्र तिथूनच त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना धाडले. म्हणजे या गावात सांताक्लॉज यायच्या कितीतरी आधी टपाल आले होते, आणि तेही जून महिन्यात! ही झोपडी अजून तिथे आहे. बहुतेक पर्यटक तिच्याकडे पाठ करून समोर आखलेल्या ध्रुववृत्ताच्या रेषेवर छायाचित्रे काढत असतात.

सांताचे तिथले वास्तव्य त्यामानाने अलीकडचे आहे. फिनिश लोकांच्या समजुतीप्रमाणे त्याचे खरे घर रशियाच्या सीमेवरील कोर्वातुन्तुरी या डोंगरावर आहे, आणि ही समजूतसुद्धा १९२७ मध्ये मार्कुस राउतियो यांनी मुलांच्या रेडिओ कार्यक्रमातून रुजवली. डोंगराचा आकार कानासारखा असल्यामुळे सांताला साऱ्या जगातल्या मुलांचे बोलणे तिथून ऐकू जाते, असे त्यांचे म्हणणे. परंतु तो डोंगर पडला दूरच्या रानात. तिथे रोज हजारो माणसे कशी जाणार? म्हणून रेल्वे, विमानतळ आणि ध्रुववृत्त या तिन्ही सोयी असलेल्या जागी १९८५ मध्ये सांताचे कार्यालय थाटले गेले. मूळपीठ डोंगरावर आणि भक्तांच्या सोयीसाठी ठाणे पायथ्याशी, ही व्यवस्था आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

बसमधून उतरल्यावर पहिला भाव निराशेचा असतो, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. लाल कौलांसारखी उतरती छपरे, टोकदार लाकडी मनोरे, दिव्यांच्या माळा, ध्वनिवर्धकावर मंद आवाजात नाताळची गाणी, आणि या सगळ्याच्या मधोमध फरसबंदीचे कोरडे अंगण, हिरवे गवत, टोपी घातलेली उघड्या बाह्यांची माणसे. सौभाग्यवतींनी चारी बाजूंना नजर फिरवून विचारले, “अहो, लग्न उरकल्यावर मांडवात आल्यासारखं नाही का वाटत?” बर्फाच्या घसरगुंड्या, बर्फाच्या खोल्या वगैरे हिवाळ्यातली आकर्षणे अर्थातच नव्हती, मे महिन्यात बर्फ वितळतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुन्हा दिसत नाही. दुकाने मात्र उघडी होती, आणि दुकानेच फार आहेत. चुंबकाच्या चकत्या, लोकरी टोप्या, लाकडी पेले यांत शंभर पावलांत काही नवे दिसेनासे होते.

तिथेच आम्हांला आपल्याच भागातली पंधरा-वीस मंडळी भेटली. मराठी कानावर पडल्याबरोबर दोन्ही बाजूंनी ‘कुठलं गाव?’ झाले. एका पर्यटन कंपनीमार्फत उत्तर युरोपच्या सहलीवर आलेल्या त्या मंडळींच्या माहितीपत्रकात व्हिलेजचे जे छायाचित्र होते, त्यात छपरांवर हातभर बर्फ होता आणि आकाशात हिरवे ध्रुवीय प्रकाश होते; सहल मात्र जूनची होती आणि व्हिलेजसाठी वेळ दिला होता दीड तास. एक आजी तर लोकरी पायमोजे, कानटोपी नि जाड कोट अशा जय्यत तयारीने घामाघूम होऊन बाकावर बसल्या होत्या. ध्रुवीय प्रकाश उन्हाळ्यात दिसत नाही, कारण त्याला अंधार लागतो आणि जूनमध्ये तिथे अंधारच पडत नाही, एवढी साधी गोष्ट पैसे घेणाऱ्याने आधी सांगायला हवी होती. सहल निवडणाऱ्याने माहितीपत्रकातले चित्र कोणत्या महिन्यातले आहे हे जरूर विचारावे.

अंगणातून ध्रुववृत्ताची पांढरी रेषा जाते आणि तिच्यावर ६६ अंश ३२ मिनिटे ३५ सेकंद हा अक्षांश लिहिलेला आहे. एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून छायाचित्र काढण्याचा विधी आम्हीही पार पाडला. मात्र ही रेषा आता नावापुरतीच आहे. पृथ्वीच्या आसाचा कल अतिशय हळूहळू कमी होत असल्यामुळे खरे वृत्त दरवर्षी सुमारे साडेचौदा मीटर उत्तरेकडे सरकते आणि आज ते या रेषेच्या बरेच पुढे गेले आहे. मुलाने ही गोष्ट सांगितल्यावर नात रेषेवरून उठून उत्तरेच्या बाजूला दोन मोठ्या ढांगा टाकून उभी राहिली आणि म्हणाली, “मग इथं आलं असेल का?” तिला खरे अंतर सांगून कोणी हिरमुसले केले नाही.

सांताचे कार्यालय वर्षातले सर्व दिवस उघडे असते आणि त्याला भेटायला पैसे पडत नाहीत. आत शिरल्यावर एका अंधाऱ्या, लाकडी वाटेने वर जावे लागते, आणि त्या वाटेवर प्रचंड दातेरी चाके व लंबक असलेले एक यंत्र आहे. एका रात्रीत साऱ्या जगाला भेटी पोहोचवता याव्यात म्हणून सांता या यंत्राने पृथ्वीचे फिरणे मंद करतो, अशी त्याची कथा. डिसेंबरातल्या पर्यटकाला हा लहान मुलांसाठी केलेला खेळ वाटत असेल. परंतु आदल्या रात्री सूर्य न मावळता क्षितिजावरून आडवा सरकताना पाहून आलेल्या मला ते यंत्र कोणीतरी खरोखरच चालू ठेवून विसरून गेले आहे असे वाटले. रांगेत आमच्या पुढे जेमतेम सात-आठ माणसे होती. हिवाळ्यात याच रांगेत तास न तास जातात, असे मुलाचे तिथले सहकारी सांगतात.

सांता स्वतः उत्तम आहे. दाढी गुडघ्यापर्यंत आलेली, पायांत जाड लोकरी मोजे, आवाज भारदस्त आणि घाई अजिबात नाही. आम्ही भारतातले हे समजताच त्याने ‘नमस्ते’ म्हटले. नातीने त्याला फिनिशमध्ये काहीतरी विचारले आणि तो मोठ्याने हसला. बाहेर आल्यावर कळले, की या कपड्यांत उन्हाळ्यात उकडत नाही का, असा तिचा प्रश्न होता आणि कोर्वातुन्तुरीवर वारा चांगला असतो, असे त्याचे उत्तर होते. गर्दी नसल्यामुळे आम्हांला त्याच्याजवळ चांगली पाच-सहा मिनिटे मिळाली. खिसा हलका होतो तो यानंतर. आत स्वतःच्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढण्यास मनाई आहे. तिथल्याच छायाचित्रकाराने काढलेले छायाचित्र विकत घ्यावे लागते, आणि त्याची किंमत रुपयांत मोजली तर कोल्हापुरात चार माणसांचे तांबड्या-पांढऱ्या रश्शासह पोटभर जेवण होऊन वर पान खाता येईल. नातीचे डोळे पाहून आम्ही ते घेतले. भेट फुकट आणि आठवण विकत, हा हिशेब मला फारसा पटला नाही. पण कोणी फसवले असेही म्हणता येत नाही, कारण दर आधीच लावलेले असतात.

आता ज्यासाठी मी हे सारे लिहायला बसलो, त्या टपाल कार्यालयाकडे येतो.

सांताक्लॉजचे प्रधान टपाल कार्यालय हे देखाव्याचे नाही. ते फिनलंडच्या टपाल कंपनीचे रीतसर चालणारे कार्यालय आहे; तिथे तिकिटे विकली जातात, टपाल स्वीकारले जाते, आणि त्याला ९६९३० असा स्वतःचा क्रमांक आहे. जगभरातून सांताच्या नावाने येणारी पत्रे इथे पोहोचतात. त्यांची संख्या वर्षाला पाच लाखांच्या आसपास असते, १९८५ पासूनची बेरीज दीड कोटीच्या कितीतरी वर गेली आहे, आणि नाताळाच्या हंगामात एकेका दिवसाला हजारोंनी पत्रे येतात. ज्याने दिवाळीच्या आठवड्यात भेटकार्डांच्या थैल्या उपसल्या आहेत, त्याला हे आकडे वाचूनच पाठीत कळ यावी. अलीकडे आपल्याकडे ती भेटकार्डेही आटली, हा भाग वेगळा.

भिंतीलगत लाकडी खणांची उभी मांडणी आहे आणि प्रत्येक खणावर एकेका देशाचे नाव आहे. छाननीची ही पद्धत मी आयुष्यभर केली. फरक एवढाच, की आमच्या खणांवर गडहिंग्लज, कागल, गारगोटी, मलकापूर अशी नावे असत आणि इथे इटली, पोलंड, जपान अशी आहेत. भारताचा खण शोधून काढला. त्यात पत्रे होती, पण ब्रिटन किंवा इटलीच्या मानाने ती फारच थोडी. पर्यटकांना वाचण्यासाठी काही पत्रे मांडून ठेवलेली असतात; कुणी सायकल मागितलेली, कुणी लहान भाऊ मागितलेला. एका मुलाने पाकिटावर फक्त दाढीवाल्या माणसाचे चित्र काढले होते, आणि ते पत्र बरोबर पोहोचले होते. असे पत्र हाती आले, की छाननी करणाऱ्याला जो आनंद होतो तो पगारात मोजता येत नाही. आमच्याकडे एकदा ‘रंकाळ्याजवळ, पिवळ्या दाराच्या घरातल्या मावशीला’ एवढ्याच पत्त्यावर पाकीट आले होते आणि त्या भागाच्या पोस्टमनने ते एका दिवसात नेऊन दिले होते.

लाल टोपी घालून खिडकीवर बसलेल्या बाईंना मी माझा पेशा सांगितला. डिसेंबरात हे सांगायला गेलो असतो, तर मागच्या माणसांनी मला ढकलून बाहेर काढले असते. जूनच्या त्या दुपारी खिडकीवर माझ्याशिवाय दोनच माणसे होती. बाईंनी आनंदाने शिक्का हातात घेऊन दाखवला. ध्रुववृत्ताचा हा खास शिक्का जगात फक्त याच कार्यालयातून पडतो, म्हणून तिकिटे जमवणारे लोक मुद्दाम इथून स्वतःलाच पत्र टाकतात. ठसा स्वच्छ होता, वर्तुळ पूर्ण उमटलेले होते आणि शाई पसरलेली नव्हती. शिक्का तिकिटावर किती पडावा आणि कागदावर किती, यालाही एक शिस्त असते, आणि ती त्यांनी पाळलेली पाहून मला समाधान वाटले. मी त्यांना आपल्या पिनकोडची गोष्ट सांगितली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताने आखली, त्यातला पहिला आकडा विभागाचा, आणि पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, म्हणजे ४१६ दिसले, की ते टपाल आमच्या बाजूला. हेलसिंकीपासून दूर असल्यामुळेच आमचा क्रमांक ९६ ने सुरू होतो, असे त्या म्हणाल्या. मुलगा दारात उभा राहून तिसऱ्यांदा घड्याळ पाहत होता.

इथे दोन टपालपेट्या आहेत. एका पेटीत टाकलेले पत्र नेहमीच्या टपालाने लगेच निघते. दुसऱ्या, लाल पेटीत टाकलेले पत्र मात्र कार्यालय राखून ठेवते आणि येत्या नाताळाच्या सुमारास पोहोचेल अशा बेताने रवाना करते. जूनमध्ये जाणाऱ्याला या दुसऱ्या पेटीची खरी गंमत कळते, कारण त्याचे पत्र सहा महिने त्या कार्यालयात मुक्काम करून निघणार असते. टपालाचा सारा धर्म लवकर पोहोचवण्याचा. उशिरा पोहोचवण्यासाठी पैसे घेणारी पेटी मी प्रथमच पाहिली. आम्ही दोन कार्डे लिहिली. एक मी साध्या पेटीत टाकले, आणि दुसरे नातीने मराठीत लिहून, पत्ताही स्वतःच्याच हाताने घालून, लाल पेटीत टाकले. परदेशी टपालाचे तिकीट अडीच-तीन युरोंच्या घरात पडते, म्हणजे आपल्याकडच्या पन्नास पैशांच्या पोस्टकार्डांचा मोठा गठ्ठा त्यात आला असता. पण ही तुलना करत बसणाऱ्याने परदेशी जाऊच नये, असे सौभाग्यवतींचे मत आहे आणि ते मला मान्य करावे लागले. ज्यांना सांताकडूनच पत्र हवे आहे, त्यांना पैसे भरून आणि पत्ता लिहून देऊन ते नाताळात घरी मागवता येते.

रेनडिअरच्या कुंपणाकडे आम्ही त्यानंतर गेलो. भेटकार्डावरचा रेनडिअर डोक्यात ठेवून जाणाऱ्याला तिथला प्राणी ओळखू येणार नाही. जूनमध्ये त्याचे हिवाळी केस झडत असतात, त्यामुळे अंगावर जागोजागी चिंध्या लोंबल्यासारखे दिसते. शिंगे नव्याने वाढत असतात आणि त्यांच्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते. त्याला खायला म्हणून हातात पांढुरक्या रंगाचे शेवाळासारखे काहीतरी देतात. सौभाग्यवतींनी ते नाकाशी नेले आणि जाहीर केले, की हे दगडफुलाच्या जातीचे आहे. मुलाने फोनवर शोधून पाहिले, तर त्या बरोबर होत्या; रेनडिअरचा हा चारा म्हणजे लायकेन, आणि आपल्या कांदा-लसूण मसाल्यातले दगडफूल हेही लायकेनच. वास मात्र आपल्या दगडफुलाचा नाही. फिनलंडमध्ये रेनडिअर सुमारे दोन लाख असतात, आणि उन्हाळ्यात त्यांतले बहुतेक रानात मोकळे फिरतात. डासांच्या त्रासाने ते वारा असलेल्या उघड्या टेकड्यांवर गोळा होतात, आणि याच दिवसांत त्यांना एकत्र करून पिलांच्या कानांवर मालकाच्या खुणेच्या खाचा पाडतात. आपले धनगर मेंढ्यांवर रंगाची खूण करतात, तोच हिशेब. बर्फावरची घसरगाडी ओढणारा रेनडिअर हवा असेल, तर हिवाळ्याशिवाय इलाज नाही.

डासांचा उल्लेख आलाच आहे, तर तो पुरा करतो. रंकाळ्याच्या काठावर बसून ज्यांचे रक्त आटले आहे, त्यांनीही लॅपलंडच्या, म्हणजे फिनलंडच्या या उत्तर भागातल्या, डासांना कमी लेखू नये. ते आकाराने मोठे, संख्येने अगणित आणि दिवस-रात्र असा भेद न मानणारे असतात, कारण रात्र नसतेच. अंगणात त्रास कमी होता, पण मागच्या जंगलातल्या पायवाटेवर शंभर पावले गेलो आणि तसेच परत फिरलो. ओडोमॉसचे त्यांच्यापुढे काही चालले नाही. तिथल्याच दुकानात मिळणारे औषध घ्यावे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.

खाण्याच्या बाबतीत एका उपाहारगृहात आम्हांला सामन माशाचे सूप कोमट मिळाले आणि ते बदलून मागितल्यावर वीस मिनिटे लागली. त्याउलट लाकडी, गोल, शंकूच्या आकाराच्या एका पालवजा खोपटात उघड्या जाळावर भाजलेला सामन मासा मात्र अप्रतिम होता. मीठ, धूर आणि मासा, चौथे काही नाही. कोल्हापुरी जिभेला पहिला घास सपक लागतो, तिसऱ्या घासाला ती वळते. शाकाहारी माणसाची पंचाईत आहे. सौभाग्यवतींनी ‘लेइपायुस्तो’ नावाचे भाजलेले चीज आणि त्यावर पिवळ्या क्लाउडबेरीचा मुरंबा यांवर वेळ भागवली. हे चीज दाताखाली चुईचुई वाजते आणि ते मूळ नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकापासून करत असत, हे कळल्यावर त्यांनी त्याचे नाव ‘फिनलंडचा खरवस’ असे ठेवून टाकले. वेलदोडा नाही, ही एकच तक्रार.

व्हिलेजमध्ये आम्ही साडेचार तास होतो. माझा टपाल कार्यालयातला वेळ वजा केला, तर तीन तास पुरेसे आहेत. उरलेला दिवस शहरात घालवावा. आर्क्टिकम हे तिथले संग्रहालय लांबलचक काचेच्या छताखाली उभे आहे आणि उत्तरेकडच्या माणसांचे नि निसर्गाचे जीवन समजून घ्यायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. पाऊस आला तर तिथेच जावे. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येणारा त्यांचा ‘युहान्नुस’ हा मध्य-उन्हाळ्याचा सण मात्र टाळलेला बरा, कारण त्या शनिवार-रविवारी शहरातली माणसे तळ्याकाठच्या घरांना जातात आणि बरीच दुकाने बंद राहतात.

रात्रीचा सूर्य हा या प्रवासाचा दुसरा मोठा लाभ. रोव्हानिएमीत साधारण ६ जूनपासून ७ जुलैपर्यंत सूर्य मावळत नाही. आम्ही नदीवरचा पूल ओलांडून औनासवारा टेकडीवर गेलो. घड्याळात बारा वाजले म्हणजे तिथली खरी मध्यरात्र होत नाही. उन्हाळ्यात घड्याळे पुढे केलेली असल्यामुळे सूर्य सर्वांत खाली येतो तो सव्वाच्या सुमारास, आणि तेव्हा तो बरोबर उत्तरेला असतो. कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो नि भर दुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते. इथे भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ माणसाएवढी पडते आणि मध्यरात्री तर ती टेकडी उतरून जाते. अंबाबाईच्या किरणोत्सवाला आपण दरवर्षी नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस सूर्याचे किरण देवीच्या चरणांपासून चढत चढत मुखापर्यंत कधी पोहोचतात हे श्वास रोखून पाहतो, मध्ये ढग आला तर हळहळतो. त्या सवयीच्या माणसाला इथे चमत्कारिक वाटते, कारण किरण येतात, सोनेरी होतात आणि जातच नाहीत.

आमच्या मुक्कामात वटपौर्णिमा आली. वड तिथे कुठून असणार? सौभाग्यवतींनी नातीकडून कागदावर वडाचे चित्र काढून घेतले, त्याच्या पारंब्या नातीने बर्चच्या फांद्यांसारख्या वर जाणाऱ्या काढल्या, आणि पूजा झाली. पौर्णिमेचा चंद्र मात्र दिसला नाही. तो सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य जितका वर तितका पौर्णिमेचा चंद्र खाली राहतो, आणि आम्ही होतो तेव्हा तो क्षितिजाच्या वर आलाच नाही. चंद्राशिवाय पौर्णिमा आणि बर्फाशिवाय नाताळ, दोन्ही एकाच मुक्कामात पदरात पडले.

साध्या पेटीत टाकलेले कार्ड आम्ही कोल्हापुरात परतल्यानंतर चौथ्या दिवशी आले. लाल पेटीतले कार्ड मी डिसेंबर उजाडल्यापासून रोज पाहत होतो. ते २७ डिसेंबरला आले, आणि दोन दिवस उशिरा का आले हे पाठीमागे स्पष्ट लिहिलेले होते. नातीने पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटे घातले होते, त्यामुळे ते ४१६ मधल्याच दुसऱ्या एका कार्यालयात जाऊन, तिथल्या शिक्क्यासह, आमच्याकडे वळवले गेले होते. ध्रुववृत्ताच्या खिडकीवर पिनकोडचे व्याख्यान देणाऱ्या माणसाने शेजारी बसून पत्ता लिहिणाऱ्या नातीचा पिनकोड तपासला नव्हता. पोस्टमन माझ्याच हाताखाली शिकलेला, त्याने कार्ड हातात ठेवले, उलट्या आकड्यांवर बोट टेकवले आणि म्हणाला, “काका, हे अक्षर कुणाचं?”